दुर्बिणीच्या अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्सचे संगणकावर सिम्युलेशन: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

२ मीटर व्यासाच्या दुर्बिणीला ५०० नॅनोमीटर तरंगलांबीवर, प्रकाशाच्या नियमांप्रमाणे, सुमारे ०.०५ आर्कसेकंद इतका बारीक तपशील दिसायला हवा. प्रत्यक्षात जमिनीवरून पाहताना ताऱ्याची प्रतिमा एका आर्कसेकंदाच्या आसपास पसरलेली मिळते, कारण दुर्बिणीपर्यंत येताना सपाट असलेले तरंगाग्र वातावरणातील संक्षोभामुळे वाकडेतिकडे होते. हे वाकडेपण सतत मोजून एका लवचीक आरशाने त्याच क्षणी उलट दिशेने भरून काढावे, ही अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्सची कल्पना खगोलशास्त्रज्ञ होरेस बॅबकॉक यांनी १९५३ मध्ये मांडली. खगोलशास्त्रासाठी ती प्रत्यक्षात उतरायला १९८९ साल उजाडले. त्या वर्षी फ्रान्समधील ओत-प्रोव्हाँस वेधशाळेच्या १.५२ मीटर दुर्बिणीवर 'कम-ऑन' या यंत्रणेने अवरक्त प्रकाशात हवेचा परिणाम पुसून दाखवला.

आज अशी यंत्रणा बांधण्याआधी ती संगणकावर चालवून पाहिली जाते. आरशाला किती अ‍ॅक्च्युएटर (आरशाला मागून ढकलणारे-ओढणारे छोटे भाग) लागतील, कॅमेरा किती वेगाने वाचावा लागेल आणि किती मंद ताऱ्यापर्यंत यंत्रणा काम करेल, हे सारे प्रश्न काच आणि इलेक्ट्रॉनिक्स विकत घेण्यापूर्वी सुटलेले बरे. या लेखात एक छोटी पण पूर्ण यंत्रणा पायरीपायरीने उभी करण्याची पद्धत सांगितली आहे. वाचकाला पायथन आणि नमपाय येते, फूरिये रूपांतर म्हणजे काय हे ठाऊक आहे आणि पदवी स्तरावरचे प्रकाशशास्त्र वाचलेले आहे, एवढे मी गृहीत धरतो. तयार सॉफ्टवेअर उपलब्ध असताना स्वतः कशाला लिहायचे, असे कोणी विचारील. माझे मत असे की पहिली आवृत्ती स्वतःच लिहावी, कारण या विषयातील बहुतेक चुका शांतपणे होतात: कार्यक्रम बंद पडत नाही, सुंदर चित्रे देतो आणि उत्तर मात्र चुकीचे असते. म्हणून पुढील प्रत्येक पायरीत 'काय लिहायचे' याइतकेच 'ते बरोबर आहे हे कसे ताडायचे' यावर भर दिला आहे.

नमुना म्हणून घेतलेली यंत्रणा मुद्दाम माफक आहे: २ मीटरची दुर्बीण, तिच्या व्यासावर १० चौकटी असलेला, तरंगाग्राचे वाकडेपण मोजणारा शॅक-हार्टमन सेन्सर, ११ × ११ अ‍ॅक्च्युएटरचा आरसा आणि सेकंदाला १,००० वेळा फिरणारा लूप, म्हणजे मोजणे आणि आरसा हलवणे यांची साखळी. हा आकार काल्पनिक वाटू नये. पुण्याच्या आयुका या संस्थेने कॅल्टेकबरोबर विकसित केलेली 'रोबो-एओ' यंत्रणा पालोमारच्या १.५ मीटर दुर्बिणीवर याच आवाक्यातील सेन्सर आणि १२ × १२ अ‍ॅक्च्युएटरचा छोटा आरसा घेऊन चालली, आणि आयुकाची स्वतःची गिरवली येथील दुर्बीणही २ मीटरचीच आहे.

पायरी १: आधी कागदावर हिशेब

संगणक सुरू करण्यापूर्वी उत्तर साधारण किती यायला हवे हे ठरवावे. त्यासाठी हवेचे वर्णन एका लांबीत करता येते. डेव्हिड फ्रीड यांनी १९६६ मध्ये मांडलेली ही लांबी 'आर-नॉट' म्हणून ओळखली जाते. सैल अर्थाने, एवढ्या व्यासाच्या भागात तरंगाग्र जवळपास सपाट मानता येते. ५०० नॅनोमीटरवर आर-नॉट १० सेंटीमीटर घेतला, तर ०.९८ गुणिले तरंगलांबी भागिले आर-नॉट या सूत्राने सीइंग, म्हणजे हवेमुळे पसरलेल्या प्रतिमेची रुंदी, जवळजवळ १ आर्कसेकंद येते. आर-नॉट तरंगलांबीच्या ६/५ घाताने वाढतो, त्यामुळे आपण ज्या १.६५ मायक्रोमीटरवर निरीक्षण करणार आहोत तेथे तो सुमारे ४२ सेंटीमीटर होतो. अवरक्त प्रकाशात हे काम सोपे का जाते, याचे उत्तर या एका आकड्यात आहे.

आता त्रुटींचा ताळेबंद मांडावा. दुरुस्ती मुळीच केली नाही तर तरंगाग्राची चुकी, रेडियन वर्गात, १.०३ गुणिले (व्यास भागिले आर-नॉट) याचा ५/३ घात इतकी असते. आपल्या उदाहरणात ती १३.९ भरते. रॉबर्ट नॉल यांच्या १९७६ च्या गणितानुसार केवळ डावे-उजवे आणि वर-खाली झुकणे काढून टाकले तर १.०३ च्या जागी ०.१३४ येतो. म्हणजे एकूण चुकीचा ८७ टक्के भाग निव्वळ झुकाव आहे. तरी १.८ रेडियन वर्ग उरतातच, आणि ते खूप आहेत.

आरशाचे अ‍ॅक्च्युएटर २० सेंटीमीटर अंतरावर आहेत, त्यापेक्षा बारीक सुरकुत्या त्याला भरता येत नाहीत. या फिटिंग त्रुटीचे प्रचलित सूत्र ०.२८ गुणिले (अंतर भागिले आर-नॉट) याचा ५/३ घात असे आहे आणि ते आपल्यासाठी ०.०८२ देते. ही त्रुटी नॅनोमीटरमध्ये ७५ होते. मोजल्यापासून आरसा हलेपर्यंत २ मिलिसेकंद जातात असे धरू आणि वारा सेकंदाला १२.५ मीटर घेऊ. हवेचा ठसा किती वेळ टिकतो ते ०.३१४ गुणिले आर-नॉट भागिले वाऱ्याचा वेग यावरून कळते. १.६५ मायक्रोमीटरवर हा काळ १०.५ मिलिसेकंद आहे, म्हणून २ मिलिसेकंदांच्या उशिराची किंमत (२ भागिले १०.५) याचा ५/३ घात, म्हणजे ०.०६३ रेडियन वर्ग. शिवाय सेन्सरला न पेलणाऱ्या बारीक सुरकुत्या त्याच्या मापनात ठळक सुरकुत्यांचे सोंग घेऊन शिरतात. या एलिआसिंगपोटी फिटिंग त्रुटीच्या पाव ते तिसरा हिस्सा, समजा ०.०२३, धरावा.

बेरीज ०.१६८ येते. स्ट्रेल गुणोत्तर, म्हणजे आपल्या प्रतिमेच्या शिखराची आदर्श प्रतिमेच्या शिखराशी तुलना, उणे चिन्हाने या बेरजेचा घातांकी काढून मिळते: सुमारे ८५ टक्के. हीच उरलेली १०८ नॅनोमीटरची चूक ५०० नॅनोमीटरवर पाहिली तर स्ट्रेल १६ टक्क्यांवर घसरते. दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवावेत, पुढे त्यांच्याशीच भांडायचे आहे.

पायरी २: जाळी

प्रत्येक चौकटीच्या एका बाजूला १६ पिक्सेल घेतले तर दुर्बिणीच्या व्यासावर १६० पिक्सेल येतात आणि एक पिक्सेल १.२५ सेंटीमीटरचा होतो. १० सेंटीमीटरच्या आर-नॉटमध्ये ८ पिक्सेल बसले, हे पुरेसे आहे. शेजारच्या दोन पिक्सेलमधील फेजचा फरक अर्ध्या तरंगलांबीच्या जवळ जाऊ लागला की फूरिये रूपांतर फसते, ही मर्यादा लक्षात असू द्यावी.

वाऱ्याचा वेग १२.५ का घेतला, याचे कारणही इथेच आहे. एका मिलिसेकंदात हवा बरोबर १.२५ सेंटीमीटर, म्हणजे एक पूर्ण पिक्सेल, सरकते. हवेचा पडदा, म्हणजे तरंगाग्राच्या वाकडेपणाचा नकाशा, अपूर्णांक पिक्सेलने सरकवायचा तर दोन पिक्सेलमधली किंमत अंदाजाने भरावी लागते. साध्या सरळरेषी अंदाजाने बारीक सुरकुत्या गुळगुळीत होतात, कधी जास्त तर कधी कमी, आणि हवा क्षणोक्षणी 'चांगली-वाईट' होत असल्याचा भास होतो. पहिल्या आवृत्तीत ही कटकट टाळलेली बरी.

आणखी एक सवय सुरुवातीपासून लावावी. हवेचे पडदे आणि आरशाचा आकार नॅनोमीटरमध्ये ठेवावेत, रेडियनमध्ये नव्हे. सेन्सरची तरंगलांबी एक आणि निरीक्षणाची दुसरी असते. नॅनोमीटरमधील मार्गाचा फरक दोन्हींसाठी व्यवहारात सारखाच धरता येतो, आणि ज्या त्या ठिकाणी गरजेप्रमाणे त्याचे रेडियन करता येतात.

पायरी ३: हवेचे पडदे

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्यावा. सिम्युलेशनमधील हवा चुकली तर पुढचे सगळे यंत्र चुकीच्या हवेवर उत्तम चालते.

कोल्मोगोरोव्ह यांच्या १९४१ च्या सिद्धान्तावरून फेजच्या चढउतारांचा वर्णपट ०.०२३ गुणिले आर-नॉटचा उणे ५/३ घात गुणिले अवकाशीय वारंवारितेचा उणे ११/३ घात असा मिळतो. पडदा बनवण्याची रीत सरळ आहे. वारंवारितेच्या जाळीवर प्रत्येक बिंदूला या वर्णपटाचे वर्गमूळ घ्यावे, त्याला वारंवारितेच्या पायरीने गुणावे, यादृच्छिक संमिश्र संख्येने गुणावे, शून्य वारंवारितेची किंमत शून्य करावी आणि व्यस्त फूरिये रूपांतर काढावे. संमिश्र संख्येचे वास्तव आणि काल्पनिक भाग प्रत्येकी एक एकक प्रसरणाचे असतील तर निकालाचा वास्तव भाग हा एक पडदा आणि काल्पनिक भाग हा दुसरा, स्वतंत्र पडदा असतो. एका कष्टात दोन पडदे मिळतात, ते वाया घालवू नयेत. नमपायचे व्यस्त रूपांतर स्वतःहून पिक्सेलच्या एकूण संख्येने भागते, म्हणून तेवढ्याने पुन्हा गुणावे लागते. हे विसरल्यास हवा अविश्वसनीय शांत मिळते.

या रीतीत एक मूलभूत उणीव आहे. पडद्याच्या लांबीपेक्षा मोठ्या लाटा त्यात येऊच शकत नाहीत आणि कोल्मोगोरोव्हच्या वर्णपटात सर्वाधिक शक्ती तिथेच असते. परिणामी झुकाव कमी भरतो. यावर लेन, ग्लिंडेमन आणि डेंटी यांनी १९९२ मध्ये सुचवलेला उपाय म्हणजे पहिल्या वारंवारितेच्या एक तृतीयांश, एक नवमांश अशा उप-वारंवारिता वेगळ्या मोजून बेरजेत घालणे. तीन-चार पातळ्या पुरतात. मात्र याची एक किंमत मोजावी लागते. मूळ पडदा आवर्ती असतो, म्हणजे त्याची उजवी कड डाव्या कडेशी बिनजोड जुळते आणि तो गोल फिरवता येतो. उप-वारंवारिता घातल्यावर कडा जुळत नाहीत, आणि पडदा गोल फिरवला की शिवणीवर फेज एकदम उडी मारते. लूप त्या क्षणी बिथरतो आणि वाचक विनाकारण गेन (दर फेरीला दुरुस्तीचा किती वाटा लागू करायचा तो गुणक) बदलत बसतो. अशा वेळी पडदा संपला की चालवणे थांबवावे, किंवा असेमा, विल्सन आणि जांद्रों यांच्या २००६ च्या रीतीने कडेला एकेक नवी ओळ जोडत जाणारा न संपणारा पडदा वापरावा.

आता तपासणी. पडद्यावरील दोन बिंदूंच्या फेजमधील फरकाचा वर्ग काढून, बऱ्याच पडद्यांवर सरासरी घेऊन, अंतराविरुद्ध आलेख काढावा. तो ६.८८ गुणिले (अंतर भागिले आर-नॉट) याचा ५/३ घात या रेषेवर यायला हवा. आर-नॉट १० सेंटीमीटर असताना १० सेंटीमीटर अंतरावर ६.८८ आणि १ मीटर अंतरावर सुमारे ३१९ रेडियन वर्ग. उप-वारंवारितांशिवाय हा आलेख मोठ्या अंतरावर स्पष्ट खाली झुकतो. तो एकदा मुद्दाम काढून पाहावा.

खऱ्या हवेत लाटांच्या आकाराला वरची मर्यादा असते. तिला बाह्य मापश्रेणी म्हणतात आणि ती बहुधा काही दशक मीटर असते. २५ मीटर घेतल्यास वर्णपटात वारंवारितेच्या वर्गाऐवजी (वारंवारितेचा वर्ग अधिक १ भागिले २५ चा वर्ग) येतो आणि घात उणे ११/६ होतो. नवख्याला गोंधळवणारी गोष्ट अशी की या बदलाने १० सेंटीमीटरसारख्या छोट्या अंतरावरही आलेख कोल्मोगोरोव्हच्या रेषेखाली जवळजवळ चतुर्थांशाने उतरतो. ती चूक नाही. म्हणून तपासणी दोनदा करावी: आधी मर्यादेशिवाय, मग मर्यादेसह.

पायरी ४: दुर्बीण आणि प्रतिमा

१६० पिक्सेल व्यासाचे वर्तुळ, मध्ये दुय्यम आरशाचे भोक, आणि सभोवती शून्ये भरून ३२० × ३२० ची चौकट. या क्षेत्राचे फूरिये रूपांतर काढून त्याच्या परिमाणाचा वर्ग केला की ताऱ्याची प्रतिमा मिळते. १.६५ मायक्रोमीटरवर आदर्श प्रतिमेची रुंदी सुमारे ०.१७ आर्कसेकंद आणि एक पिक्सेल ०.०८५ आर्कसेकंद येतो.

दुरुस्ती न करता शेकडो पडद्यांवरच्या प्रतिमांची सरासरी घ्यावी आणि तिची रुंदी मोजावी. मर्यादा नसलेल्या हवेत ती ०.८ आर्कसेकंदाच्या जवळ हवी. बाह्य मापश्रेणी २५ मीटर ठेवल्यास प्रतिमा सुमारे ३० टक्क्यांनी बारीक मिळते, कारण झुकाव घटतो आणि अवरक्तात त्याचा परिणाम अधिक दिसतो. इथपर्यंत आकडे जुळले नाहीत तर पुढे जाऊ नये.

पायरी ५: शॅक-हार्टमन सेन्सर

दुर्बिणीचे तोंड २० सेंटीमीटरच्या चौकटींत विभागले जाते आणि प्रत्येक चौकटीमागचे छोटे भिंग ताऱ्याचा एक ठिपका पाडते. त्या चौकटीत तरंगाग्र जेवढे झुकलेले, तेवढा ठिपका सरकतो. १० × १० चौकटींपैकी निम्म्याहून अधिक प्रकाश मिळणाऱ्याच घ्याव्यात. त्या साधारण ७५ ते ८० भरतात आणि मधल्या भोकामुळे आणखी काही गळतात.

सिम्युलेशनमध्ये प्रत्येक चौकटीचे १६ × १६ पिक्सेल उचलून, शून्ये भरून ३२ × ३२ करून फूरिये रूपांतर काढायचे. सेन्सर ६०० नॅनोमीटरवर पाहत असेल तर ठिपक्याची रुंदी ०.६२ आर्कसेकंद, पिक्सेल ०.३१ आर्कसेकंद आणि एकूण दृश्यक्षेत्र सुमारे १० आर्कसेकंद होते. मग ठिपक्याचा गुरुत्वमध्य काढावा. सम संख्येच्या जाळीत फूरिये रूपांतराचे केंद्र चार पिक्सेलच्या मधोमध पडत नाही, एका पिक्सेलवर पडते. त्यामुळे सपाट तरंगाग्रालाही अर्ध्या पिक्सेलचा उतार दिसतो. चौकटीत अर्ध्या पिक्सेलचा झुकाव आधीच मिसळावा किंवा सपाट तरंगाग्राचे उतार मोजून ते नेहमी वजा करावेत. मी दुसरा मार्ग पसंत करतो, कारण खऱ्या उपकरणातही तसेच करतात.

ताळा असा: संपूर्ण तोंडावर १ आर्कसेकंदाचा झुकाव द्यावा. सर्व ठिपके ३.२ पिक्सेल सरकायला हवेत, सारख्याच दिशेने. नंतर झुकाव पायरीपायरीने वाढवून आलेख सरळ राहतो का ते पाहावे. उंबरठ्याखालच्या किमती कापण्याची पद्धत वापरली असल्यास उतार किंचित कमी-जास्त होतो. तो आकडा नोंदवून ठेवावा, कारण लूपचा खरा गेन त्यानेही बदलतो.

पायरी ६: लवचीक आरसा आणि इंटरॅक्शन मॅट्रिक्स

एक अ‍ॅक्च्युएटर वर केला की आरशाचा शेजारही थोडा उचलला जातो. गाऊसच्या घंटाकृती वक्राने हे चांगले दाखवता येते. शेजारच्या अ‍ॅक्च्युएटरच्या जागी उंची मूळच्या २० टक्के उरावी असा वक्र घेतला तरी सुरुवातीला चालते. अ‍ॅक्च्युएटर चौकटींच्या कोपऱ्यांवर ठेवावेत, या मांडणीला फ्रीडचेच नाव आहे. प्रकाश आरशावर आपटून परत येतो, त्यामुळे पृष्ठभाग १ नॅनोमीटर उचलला तर तरंगाग्र २ नॅनोमीटर बदलते. आपला कार्यक्रम पृष्ठभाग मोजतो की तरंगाग्र, हे एकदा ठरवून कोडच्या पहिल्या ओळीत लिहावे.

सेन्सर लावण्याआधी आरसा एकटा तपासावा. हवेचा एक पडदा घेऊन त्यावर आरशाचा आकार लघुतम वर्गांच्या रीतीने थेट बसवावा आणि उरलेली चूक मोजावी. सरासरी ७५ नॅनोमीटरच्या आसपास हवी. ०.२८ हा गुणक आरशाच्या घडणीनुसार थोडा बदलतो, म्हणून दहा-वीस टक्क्यांचा फरक मान्य करावा, दुपटीचा नव्हे.

मग प्रत्येक अ‍ॅक्च्युएटर ५० नॅनोमीटर वर आणि तितकाच खाली हलवून दोन्ही वेळच्या उतारांच्या फरकाचा निम्मा घ्यावा. हे उतार स्तंभ म्हणून लिहिले की इंटरॅक्शन मॅट्रिक्स तयार होते. तिचे व्यस्त थेट काढता येत नाही, कारण आरशाचे काही आकार सेन्सरला दिसतच नाहीत. संपूर्ण आरसा एकसारखा वर-खाली होणे हा एक, आणि फ्रीडच्या मांडणीत बुद्धिबळाच्या पटासारखा एकाआड एक वर-खाली होणारा 'वॉफल' आकार हा दुसरा. सिंग्युलर व्हॅल्यू डिकंपोझिशन (एसव्हीडी) काढून विलक्षण लहान मूल्ये वगळावीत आणि मग छद्म-व्यस्त (स्यूडो-इन्व्हर्स) काढावे. मूल्यांचा आलेख काढला की शेवटी एक-दोन मूल्ये कड्यावरून पडल्यासारखी खाली दिसतात. छाटणी नेमकी तिथेच करावी. भीतीने अर्धी मूल्ये छाटली तर महागडा आरसा घेऊन त्याचे निम्मे अ‍ॅक्च्युएटर झोपवल्यासारखे होते.

पायरी ७: लूप फिरवणे

दर मिलिसेकंदाला क्रम असा: पडदा एक पिक्सेल सरकवा, त्यातून आरशाचा सध्याचा आकार वजा करा, उरलेल्या तरंगाग्राचे उतार मोजा, त्यांना छद्म-व्यस्ताने गुणून चुकीचा अंदाज काढा, त्याला गेनने गुणून जुन्या आज्ञेत मिसळा, आणि नवी आज्ञा ठरलेल्या उशिराने आरशाला द्या. याला इंटिग्रेटर म्हणतात. चिन्ह उलटे पडल्यास चूक दर फेरीला वाढत जाऊन काही फेऱ्यांत आकडे फुटतात. तेव्हा घाबरून गणित बदलू नये, आधी चिन्ह पाहावे.

लूपची सर्वांत स्वच्छ परीक्षा हवेशिवाय होते. तरंगाग्रात एक स्थिर वाकडेपण ठेवावे, गोंगाट बंद ठेवावा, आणि गेन हळूहळू वाढवावा. मोजलेले एका फेरीनंतर लागू होत असेल तर गेन २ च्या खाली असेपर्यंत लूप स्थिर राहतो. दोन फेऱ्यांच्या उशिराला ही मर्यादा १ वर येते. आपला लूप नेमक्या याच जागी फुटत नसेल, तर उशीर आपल्याला वाटतो तेवढा नाही. कोडमध्ये एका फेरीची गफलत होणे फार सोपे आहे, आणि ती शोधण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला ठाऊक नाही.

पायरी ८: निकाल कागदाशी ताडणे

आता गेन ०.४ ठेवून हवा सुरू करावी. पहिल्या शंभर-दोनशे फेऱ्या लूप स्थिरावण्यात जातात, त्या सरासरीत धरू नयेत. हवेला दुर्बिणीसमोरून ओलांडून जायला १६० फेऱ्या लागतात, म्हणजे १,००० फेऱ्यांत जेमतेम सहा स्वतंत्र 'हवा' पाहिल्या गेल्या. म्हणून वेगवेगळ्या यादृच्छिक बीजांनी अनेक वेळा चालवावे आणि बीज नोंदवून ठेवावे.

स्ट्रेल काढताना आदर्श प्रतिमा त्याच जाळीवर, त्याच भोकासह, त्याच एकूण प्रकाशाला काढलेली असावी. उत्तर कागदावरच्या ८५ पेक्षा थोडे कमी, ८० ते ८५ च्या दरम्यान येण्याची अपेक्षा ठेवावी. कारण कागदावर निव्वळ २ मिलिसेकंदांचा उशीर धरला होता, तर इंटिग्रेटरचा संथ बदलांसाठीचा परिणामी उशीर फेरीचा काळ भागिले गेन, म्हणजे ०.४ गेनला २.५ मिलिसेकंद इतका असतो. तो धरून हिशेब पुन्हा केला की बेरीज ०.१९६ आणि स्ट्रेल ८२ टक्के येते.

जुळले नाही तर त्रुटी एकेक करून वेगळ्या पाडाव्यात. वारा शून्याजवळ न्यावा, म्हणजे उशिराची त्रुटी नाहीशी होते. उरते ती फिटिंग आणि एलिआसिंग. सेन्सर बाजूला ठेवून आरसा थेट तरंगाग्रावर बसवला की एलिआसिंगही जाते. अशा रीतीने कागदावरच्या प्रत्येक ओळीला सिम्युलेशनमधला एक आकडा मिळतो. आकडा उलट दिशेने चुकला, म्हणजे स्ट्रेल ९५ आले, तर अधिक संशय घ्यावा. बहुधा पडद्यातल्या बारीक सुरकुत्या कुठेतरी गुळगुळीत झालेल्या असतात.

पायरी ९: फोटॉन आणि लेझर

आतापर्यंतचा तारा अमर्याद तेजस्वी होता. शून्य प्रतीच्या ताऱ्याकडून दृश्य प्रकाशात दर चौरस सेंटीमीटरला, दर अँगस्ट्रॉमला, दर सेकंदाला सुमारे १,००० फोटॉन येतात, हा आकडा पाठ असावा. आपली चौकट ४०० चौरस सेंटीमीटरची आहे. २,००० अँगस्ट्रॉम रुंदीचा पट्टा, १ मिलिसेकंद आणि एकूण २५ टक्के कार्यक्षमता धरली तर शून्य प्रतीला २ लाख फोटॉन मिळतात. १० व्या प्रतीला तेच २० होतात आणि १२ व्या प्रतीला अवघे ३. ठिपक्याच्या प्रत्येक पिक्सेलवर पॉयसन गोंगाट आणि कॅमेऱ्याचा वाचन-गोंगाट मिसळून, तारा एकेका प्रतीने मंद करत, प्रत्येक वेळी सर्वोत्तम गेन पुन्हा शोधावा. मंद ताऱ्याला कमी गेन लागतो. हा आलेख म्हणजे यंत्रणेची खरी कुंडली असते आणि निरीक्षक सर्वांत आधी तोच मागतात.

१० व्या प्रतीपेक्षा तेजस्वी तारा आपल्या लक्ष्याच्या अगदी शेजारी मिळणे दुर्मीळ, आणि शेजार खरोखर जवळचा लागतो. संक्षोभ सरासरी ५ किलोमीटर उंचीवर असेल तर आपल्या उदाहरणात हे अंतर १.६५ मायक्रोमीटरवरही साधारण ५ आर्कसेकंदांपुरतेच आहे. म्हणून लेझरने कृत्रिम तारा निर्माण करतात. रोबो-एओने ३५५ नॅनोमीटरच्या अतिनील लेझरचा १० किलोमीटर अंतरावरून विखुरलेला प्रकाश वापरला. मोठ्या दुर्बिणींवर ५८९ नॅनोमीटरच्या लेझरने सुमारे ९० किलोमीटरवरचा सोडियमचा थर उजळवतात.

सिम्युलेशनमध्ये लेझर आणताना दोन बदल करावेत. पहिला, हवेचे एकाहून अधिक थर लागतात. एकूण संक्षोभाचा ६० टक्के भाग जमिनीलगत असेल तर त्या थराचा आर-नॉट १० भागिले ०.६ चा ३/५ घात, म्हणजे १३.६ सेंटीमीटर. वाटे आर-नॉटच्या उणे ५/३ घाताला लावायचे असतात, थेट आर-नॉटला नव्हे. कृत्रिम तारा जवळ असल्याने त्याचा प्रकाश शंकूसारखा येतो: १० किलोमीटरवरच्या ताऱ्याचा शंकू ५ किलोमीटरवर दुर्बिणीच्या निम्म्या व्यासाएवढाच असतो, आणि त्याबाहेरची हवा मोजलीच जात नाही. दुसरा बदल, लेझर वर जाताना आणि परतताना त्याच हवेतून जातो, म्हणून त्यावरून झुकाव कळत नाही. उतारांतून सरासरी झुकाव वजा करावा आणि तो मोजायला वेगळा, मंद चालेल असा खरा तारा ठेवावा.

पुढे कोणते सॉफ्टवेअर

इथवरचे सारे साध्या लॅपटॉपवर चालते. त्यानंतर पायथनमध्येच राहायचे असेल तर एचसीआयपाय किंवा ओओपाओ घ्यावे. एचसीआयपाय लायडनमध्ये सुरू झाले आणि ग्रहशोधासाठी ताऱ्याचा प्रकाश झाकणाऱ्या कॉरोनाग्राफसाठी विशेष सोयीचे आहे. डरहॅम विद्यापीठाचे 'सोपी' (Soapy) हे सॉफ्टवेअर वाचून शिकायला सुटसुटीत वाटते. ३० मीटरच्या दुर्बिणीसाठी अ‍ॅक्च्युएटर हजारोंत जातात, तेथे ग्राफिक्स कार्डांवर चालणारे कॉम्पास किंवा टीएमटी (थर्टी मीटर टेलिस्कोप) प्रकल्पात घडलेले माओस लागते. भारत टीएमटीत भागीदार असल्याने माओसची ओळख इथल्या विद्यार्थ्याला उपयोगी पडू शकते.

कोणतेही निवडले तरी पहिल्या दिवशी त्यात हीच २ मीटरची यंत्रणा, हाच आर-नॉट, हाच वारा आणि हाच उशीर भरून पाहावा. गेनच्या अर्थात, आरशाच्या चिन्हात आणि उशिराच्या मोजणीत प्रत्येक सॉफ्टवेअरची रीत निराळी असते. दोन उत्तरांतील फरक कुठल्या ओळीतून आला हे सापडेपर्यंत नवी दुर्बीण त्यात भरू नये.